सरकारच्या वाट्याशेजारचा माझा वाटा

त्या सकाळी मी अंगणात सडा टाकला, म्हशीची धार काढली आणि घेवड्याच्या शेंगा सोलायला बसले. एवढ्यात हे सातारच्या गाडीतून उतरून आले. फौजेत वायरलेस दुरुस्त करणारा माणूस, पेन्शनीवर आल्यावर इथे रेडिओचा कारखाना काढलेला.

"बनू, सरकारनं आपल्या कंपनीत चार आण्यांचा वाटा घेतला."

"मंग सरकारला वानवळा धाडाय पायजे," मी म्हटले.

हे हसले. पण नवे पीक आले की त्यातला वानवळा वाटेकऱ्याला द्यायची आमच्यात रीत आहे. मी पायलीभर घेवडा बांधून सरकारच्या वतीने नेमलेल्या संचालकांना, टिपणीससाहेबांना, धाडला. पिशवी गाठीसकट परत आली. निरोप होता, ही लाच होते. तो राग मी बरीच वर्षे जपला.

आता कामाचे लिहिते. मी बनुबाई लालासाहेब बर्गे, वय अठ्ठावन्न, राहणार कोरेगाव. शाळेत गेले नाही. रेडिओच्या खोक्यांवरची अक्षरे लावत वाचायला-लिहायला शिकले. माझे डोके ठिकाणावर आहे, कोणी धाक घातलेला नाही, आणि माझ्या पश्चात काय व्हावे ते स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

१. राहते घर व मागचे परडे मुलगी मनुबाई हिला. म्हैस शेजारच्या दगडाबाईला. हे गेले तेव्हा ती महिनाभर माझ्या सोबतीला झोपायला येत होती, आणि एकदाही "रडू नको" म्हणाली नाही.

२. रेडिओच्या तारा जोडायला डाख देण्याचे यांचे हत्यार मनुबाईला. मी आहे तोवर ते कोणी हलवू नये. संध्याकाळी मी ते पुसते. त्याला अजून राळेचा वास येतो.

३. कंपनीच्या सोळा आण्यांत सरकारचे चार, माझे दीर मानसिंगभाऊजी यांचे सहा आणि यांच्यामागे माझ्या नावावर आलेले सहा. भाऊजींना कंपनी मुंबईच्या व्यापाऱ्याला विकायची आहे. तो यंत्रे उचलून ठाण्याला नेणार. मग इथे रेडिओ जोडणाऱ्या मुलींनी जायचे कुठे? मनुबाई त्यांच्यातलीच. नवऱ्याने टाकल्यावर ती याच कामावर उभी राहिली.

भाऊजी म्हणाले, "वैनी, सरकार काय आपलं सोयरं हाय व्हय? रोख घ्या आन् सुखानं बसा."

"सोयरं न्हाई, पण कारखाना हलवायला त्येच न्हाई म्हणतंय. तुमी तर सख्खे!"

सरकारने पैसा घातला तो कारखाना इथेच राहावा म्हणून, असे टिपणीससाहेबांनी लिहून कळवले आहे. पण त्यांच्या एकट्या चार आण्यांनी विक्री अडत नाही. उद्या सभा आहे. उद्याचे मी बघते. माझ्यामागे माझे सहा आणे मनुबाईला. कारखाना हलवणाऱ्याला तिने ते विकू नयेत. सरकारने आपला वाटा विकायला काढला, तर तिने पहिली मागणी घालावी. सरकारे बदलतात, हे मला पेपर वाचून कळते.

४. मानसिंगभाऊजींना यांचा फौजेतला गरम कोट. त्यांनी दोनदा मागितला, मी रागाने दिला नाही. माझ्यामागे खुशाल घालावा.

५. टिपणीससाहेबांना काही ठेवत नाही, परत येईल. मात्र दर वार्षिक सभेला मनुबाईने घेवड्याची उसळ करावी आणि सगळ्या वाटेकऱ्यांनी एका पंगतीला बसावे. पंगतीला कोणी लाच म्हणत नाही.

माझे बरे चालले आहे. मागणे एवढेच.

बनुबाई लालासाहेब बर्गे

आमच्यासमोर सही केली:
भाऊसो केशव शिंदे (सही)
ज्योतिबा रामू माने (डाव्या अंगठ्याची निशाणी)

कोरेगाव, १२ ऑक्टोबर १९७८

पुरवणी, त्याच साक्षीदारांसमोर: दुसऱ्या दिवशी सभेत टिपणीससाहेबांच्या पाठोपाठ मी विक्रीच्या विरोधात हात वर केला. विक्री अडली. मग सगळ्यांना पानावर बसवले. भाऊजींनी मान वर केली नाही, पण जेवले. साहेबांनी उसळ पुन्हा मागितली. मी पळीभर जास्तच घातली.

बनुबाई