पवळ्याचे कांबळे

पाळी, २ डिसेंबर १९७४

सौ. सुमंगलेस,

पाळीहून कृष्णनाथाचे आशीर्वाद. मी बरा आहे. खाणीवरच्या धुळीने खोकला झाला होता, तोही गेला. आईचा गुडघा कसा आहे?

तुझ्या पत्रात धाकट्या दिराचे, शिवदासाचे नाव पाच वेळा आले, माझे एकदा. पवळ्याला वासरू असल्यापासून मी वाढवला. आता गाय फळवायला आणणारे त्याला ‘शिवदासाचा वळू’ म्हणतात आणि गाय व्याल्यावर पहिला खरवसही शिवदासाच्याच हाती देतात.

हल्ली पवळा गायीजवळ जातच नाही, लोक सरकारी जर्सी वळूकडे जातात, असे तू लिहिलेस. वाचून आधी मला बरे वाटले. मग लाज वाटली.

खरे सांगतो. तो लहानपणी माझ्या कांबळ्यावर निजायचा. अजूनही त्या कांबळ्याचा वास जवळ असला तरच तो गायीला बुजत नाही. निघताना ते मी मुद्दाम बरोबर आणले.

रविवारी बाबुरावाच्या ट्रकमधून पाठवतो. अर्धेच आहे, अर्धे मी पांघरायला ठेवले. धुऊ नको. आणि गोठ्यात तूच टांग. शिवदासाच्या हाताचा वास त्याला लागायला नको.

तुझा,
कृष्णनाथ