बुचाचं ॲसिड आणि भाविकाची हळद

काल्हेर, बुधवार

ती. रामनाथ दाजींना केसरीनाथचा वाकून नमस्कार. आपला गुडघा, ताईचं ब्लडप्रेशर आणि खारबावची म्हैस, तिघांची खुशाली कळवावी. (म्हशीची आधी. ती तरी औषध वेळेवर घेते.)

माझ्या खुशालीचं म्हणाल तर परवा एकट्या उजव्या हाताला एवढा खर्च आला: नव्या सदऱ्याची एक बाही, दोन बादल्या पाणी, अर्धी बाटली खोबरेल आणि भाविकाचा दीड दिवसाचा अबोला.

झालं असं की येत्या रविवारी भाविकाची हळद आपल्याच गोदामात करायची ठरली. पाचशे माणूस, बँजो आणि मटणाचे टोप एका छपराखाली दुसरीकडे कुठे मावणार? (ट्रकवर क्लीनर असताना मी हे छप्पर कसं मनात बांधलं होतं, ते तुम्ही चौदा वेळा ऐकलंय, म्हणून सोडतो.) कोपऱ्यात फक्त भाडेकरू कंपनीचे चाळीस निळे ड्रम उरलेत, त्यांचा ट्रक पुढच्या आठवड्यात येणार. परवा टेमघरचे व्याही चिंधूशेठ जागा बघायला आले ते नेमके त्या ड्रमांशी थबकले. वर लिहिलेलं, ‘सुबेरिक ॲसिड’.

"व्याही, पोरीला हलद लावाची का ॲसिड?" चिंधूशेठ म्हणाले. त्यांच्या मागच्या बायका पार शटरपर्यंत मागे सरकल्या. ड्रम हलत नाहीत तोवर आमचं एक माणूस आत पाऊल टाकणार नाही, असं त्यांनी तिथेच जाहीर केलं. भाविका रडायच्या बेतात.

आता माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. कंपनीचा केमिस्ट तनवीर पत्र्यापलीकडे फोनवर जे बोलतो, ते इकडे माझ्या चहाबरोबर पोटात जातं. तेवढ्या शिदोरीवर मी व्याख्यान ठोकलं. शेठ, हे ॲसिड पहिल्यांदा निघालं बुचातून, बाटलीच्या साध्या बुचातून! पांढरी भुकटी असते, त्यापासून नायलॉन होतं, प्लास्टिक होतं, औषधांच्या कामाला येतं. (तनवीर ‘डोळ्यांत गेलं तर चुरचुरतं’ असंही म्हणाला होता. तेवढं वाक्य मला नीट ऐकू आलं नाही.) तरी कोणी हलेना. मग मी कडेच्या ड्रमचं झाकण उघडलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला! वर चिमूटभर जिभेवर टाकली. नाव ॲसिड, पण आंबटपणाचा पत्ता नाही. दाजी, काल्हेर-टेमघरच्या इतिहासात ॲसिड चाखून हसत उभा राहिलेला बाप मीच पहिला.

तेवढ्यात तनवीर धावत आला. "चाचा, पागल झाले काय? बंद माल हाय तो!" असं ओरडत त्याने मला बाहीला धरून नळाखाली ओढलं. बाही तिथेच गेली. चिंधूशेठ माझ्या हाताकडे दहा मिनिटं बघत बसले. हात जागच्या जागी होता. तरी जाताना म्हणाले, "मानला तुमाला. पन ड्रम हलवा."

ताईला नमस्कार. रविवारी दोघांनी सकाळीच यावं.

आपला,
केसरीनाथ

ता. क. कंपनीची परवानगी मिळाली आहे. ते चाळीस ड्रम शनिवारी तुमच्या ओसरीवर उतरवतो, चारच दिवस. घाबरायचं कारण नाही, वर पुरावा दिलाच आहे.

ता. क. २. हळदीचा स्वयंपाक बघणारी आक्का आत्ताच भाकऱ्यांचं विचारायला आली होती. मी हात घातला तो तसलाच निळा ड्रम तिचा, हळदीसाठी दळून ठेवलेल्या तांदळाच्या पिठाचा.