फुकटच्या फोटोखालची ओळ

३ मार्च, सकाळी ७
वेबसाइट आजपासून. माझी बायको सुलासिह बावीस वर्षं इथे क्लातेन गावात तुम्पेंग रांधते: पिवळ्या भाताचा उंच सुळका, भोवती भाज्या, अंडी, कोंबडी. पण तिला ओळखतं कोण? आमची गल्ली. आता अख्खं जावा बेट ओळखेल. माझ्यामुळे.

दुपारी
फोटो हवा. ती म्हणाली, उद्या करतेच आहे, त्याचाच काढा. आमच्या भिंतीला पोपडे आलेत. प्रोफेशनल नजर असावी लागते, सगळ्यांना नसते.

४ मार्च
फुकट फोटोंच्या साइटवर घबाड. पांढराशुभ्र सुळका, मधोमध कापलेला, दोन्ही फाका पाठीला पाठ लावून. कलाच. खाली काढणारीची अट: खुशाल वापरा, फक्त माझं नाव आणि ही ओळ राहू द्या. ओळ लांब होती, वाचली नाही. फुकट म्हणजे फुकट. खालचा भाग कापला. कोपऱ्यात आमचं नाव टाकून 'सर्व हक्क राखीव'.

६ मार्च
गावातल्या बड्या घरच्या विग्न्योंचा निरोप. मुलीच्या लग्नाला बारा तुम्पेंग हवेत! इतकी वर्षं त्या घरचं काम मिळावं म्हणून सुलासिह झुरतेय. ऐकून हातात झाकण धरून बसूनच राहिली. मी म्हटलं, साइटची लिंक पाठवलीय, आता काळजी नको.

७ मार्च, सकाळी
विग्न्योंचा फोन. आवाज चढलेला. माझ्या मुलीच्या वाईटावर टपलात का, विचारलं. ऑर्डर रद्द. नेटवर्कचा घोळ असावा.

संध्याकाळी
सुलासिहला साइट पहिल्यांदाच दाखवली. म्हणाली, अहो, लग्न न झालेलं माणूस गेलं की असा तुम्पेंग करतात. कधी स्वयंपाकघरात डोकावलात का?
मला वाटलं, दोन फाका म्हणजे नवरा-बायको. हे तिला सांगितलं. सांगायला नको होतं.

८ मार्च
मूळ फोटो शोधून ओळ वाचली. 'धाकट्या भावासाठी, बायूसाठी, आमच्या आईच्या हातचा. फोटो: हंदायानी.'
फोटो साइटवरून उतरवला. हंदायानीला माफीचं पत्र लिहिलं. पहिल्या मसुद्यात सगळा दोष इंटरनेटचा होता; सुलासिहने तो खोडायला लावला. दुसरा छान जमला. मला मन मोठं करता येतं.

९ मार्च
सुलासिह स्वतः पिवळा तुम्पेंग घेऊन विग्न्योंकडे गेली. मी येतो म्हटलं. म्हणाली, घरीच थांबा, तेवढी मदत पुरे. टोपली रिकामी करून आली. बाराच्या बारा पक्के. मी लग्नात दिसू नये, एवढीच अट. मला तसाही गर्दीचा त्रास होतो.

११ मार्च
साइटवर नवा फोटो. सुलासिहने काढला, पोपड्यांसकट. खाली तिचं नाव.
हंदायानीचं उत्तर आलं. लिहिते, राग नाही. हा फोटो कितीतरी जणांनी नाव कापून लावलाय, माफी मागणारे तुम्ही पहिलेच. आईलाही पत्र वाचून दाखवलं, तिला बरं वाटलं. फक्त ती विचारतेय, पत्र कोणाचं? खाली नाव नाही.