मोघ्यांचा पाळणा

३ नोव्हेंबर, सोमवार

आज संडासाचं दार पुन्हा अर्धंच उघडलं! मागे काय, तर सात बादल्या, मोडकं शिलाई मशीन आणि रद्दीची चार गाठोडी. आडवा होऊन आत शिरलो. सहासष्ट वर्षांचा माणूस, स्वतःच्या घरात असा तिरका! बायकोला म्हटलं, "अगं अरुंधती, एखाद्या दिवशी मी आत पडलो तर बाहेर कसा काढशील?" म्हणते, "पडायचं कशाला?" संपलं. कपाळ माझं.

सुरुवात चांगुलपणातूनच झाली. मी इथे हिंदी मुलखात रेल्वेत होतो तेव्हा बदली झालेलं प्रत्येक मराठी घर जाताना आमच्याकडे काहीतरी ठेवून जायचं. "वहिनी, एवढं राहू द्या, तिकडे जागा झाली की नेतो." कुणाचे पाट, कुणाचं लोखंडी कपाट, मोघ्यांचा पाळणा. ही प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधायची — नाव, साल. आपल्या मंडळींत हिचं केवढं कौतुक! मीही मिरवायचो. परत न्यायला कुणी आलं नाही, ती गोष्ट वेगळी.

आता चिठ्ठी नसलेलंच जास्त आहे. फिनेलचे रिकामे डबे, फ्रिजची खोकी, कुणीतरी क्वार्टरबाहेर टाकून दिलेल्या गाद्या. विचारलं की उत्तर ठरलेलं — "ज्याचं त्याला द्यायचंय." कुणाला? गादीला काय मालक असतो?

५ नोव्हेंबर

गॅसशेजारच्या पोत्याला जाळ लागला. हाताशी वरणाचं पातेलं होतं, तेच ओतलं. ती माझ्यावरच चिडली — पोतं खराब केलं म्हणून!

६ नोव्हेंबर

भोपाळला सलोनीला फोन केला. "बाबा, ही बीमारी आहे. आईला डॉक्टरला दाखवा ना." पोरीचं मराठी असंच, निम्मं हिंदी. मी तापलो. म्हटलं, तुझी आई वेडी आहे का? ती रडायला लागली. मी फोन ठेवून दिला. शहाणाच आहे मी.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

अरुंधती लक्ष्मी तालावर, तळ्याकाठच्या महालक्ष्मीला गेली तेवढ्यात कबाडीवाल्याला बोलावलं. चिठ्ठीच्या एकाही वस्तूला हात लावू दिला नाही. नुसता कचरा दिला. दोन हातगाड्या! तो म्हणाला, "बाबूजी, पूरा घरई खाली करवा रये का?" जमीन दिसली. फरशी लाल आहे हेच मी विसरलो होतो.

ती आली. दारात उभी राहिली. चप्पल काढली नाही. तशीच उलटी फिरली.

दोन तासांनी ऑटो भरून सगळं परत. सीपरी बाजारात कबाडीवाल्याच्या दुकानापुढे बसून राहिली म्हणे. शेवटी तोच वैतागला.

८ नोव्हेंबर

जेवत नाही. गाठोड्यांवर हात फिरवत बसली आहे.

९ नोव्हेंबर

अर्धी पोळी खाल्ली. मी हरलो.

१६ नोव्हेंबर, रविवार

काय लिहू!

मोघ्यांची मयुरा आली. मोघे इथे होते तेव्हा परकरातली पोर होती, आता ग्वाल्हेरला नोकरी करते. गाडी घेऊन आली होती. "काकू, दादाला मुलगी झाली. आई म्हणाली, बारशाला आपलाच पाळणा हवा. आम्ही दोघं त्यातच वाढलो ना."

मला इतका आनंद झाला! म्हटलं, आला बाबा एकदाचा धनी. आता ही देईल, एक वस्तू गेली की दुसरी जाईल, सुटेल सगळं. चहा टाकायला मीच उठलो.

आणि अरुंधती म्हणाली, "पाळणा नाही गं आता. वाळवी लागली होती. टाकून दिला."

पाळणा तिच्या पाठीमागे होता. हातभर अंतरावर! साड्यांच्या बोचक्यांतून पितळी कडी दिसत होती. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात ही बाई माझ्याशी कधी खोटं बोलली नाही. कुणाशीच नाही. ओठ पांढरे पडले होते तिचे.

मयुराचा चेहरा उतरला. "असू दे काकू," म्हणाली. नमस्कार करून गेली. आणि मी? कपबशा घेऊन उभा राहिलो गाढवासारखा.

१७ नोव्हेंबर

"का गं?" एवढंच विचारलं. "पुढल्या वेळी देईन," म्हणाली. बारसं पुढल्या वेळी होतं का?

हे विश्वासाने सांभाळणं नव्हे. ज्याचं त्यालासुद्धा ती देऊ शकत नाही. काल तिचा हात मी बघितला — पदर मुठीत इतका आवळला होता की नखं रुतली. ती हट्टी नाहीये. घाबरली आहे. आणि मी इतके दिवस भांडतोय तिच्याशी!

सलोनीला फोन केला. म्हटलं, चुकलो बाळा. मला काही सुचत नाही. तू ये.

२० नोव्हेंबर

सलोनी आली. तिने डॉक्टरांची वेळ घेतली आहे, सोमवारची. अरुंधती म्हणते, नाही येणार. मी तिच्याजवळ खाली बसलो — जागा करून. म्हटलं, कशालाही हात लावणार नाही, तुझ्याशिवाय एक डबा हलणार नाही. पण मला भीती वाटते गं. एक दिवस हे घर पेटेल आणि मला तू सापडणार नाहीस.

ऐकून घेतलं तिने.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आली. स्वतःहून साडी बदलून.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कब से? मी म्हणालो, यही कोई दो-तीन साल. अरुंधती म्हणाली, "नौ साल. मैंने तभी इनसे कहा था, मुझसे कुछ छोड़ा नहीं जाता, जी घबराता है, कहीं दिखा दो. ये हँस दिए."

मला आठवत नाही. पण हसलो असणार.