अण्णांची कोळशाची लाइन

पंपघर, १० एप्रिल २०२४

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. तुम्ही आखलेली कोळशाच्या नळाची लाइन तुंबली. वीज गेली, पंप थांबले आणि पाण्याबरोबर वाहणारा कोळशाचा भुगा उताराच्या तळाशी बसला. आता हलत नाही. साहेब मला विचारतात, मी तुम्हाला. अनुसूया अक्काला सांगा, मी वेळेवर जेवतो. तिला खरं वाटणार नाही, तरी सांगा.

तुमचा,
मोहन

बनशंकरी, बेंगळुरू, १५ एप्रिल

चि. मोहन यास अ. उ. आ.

घाबरू नकोस. खालच्या टोकाकडून नुसतं स्वच्छ पाणी सोड, हळूहळू, न थांबता. पण लगेच, गाळ घट्ट झाला की दगडच. कोळसा कुठे नळातून जातो का, म्हणून लोक मला जन्मभर हसले. ही एक लाइन चालू राहिली की पुरे. पाणी शेजारच्या तळ्यातून घे. अक्का म्हणते, अण्णांना स्वल्पही धीर नाही. खरं आहे.

प्रकृतीस जप, आमची आठवण ठेव.
अण्णा

पंपघर, ४ मे

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

तळ्याचं पाणी मी घेतलं नाही. गावातल्या गंगव्वा बायकांना घेऊन आल्या. म्हणाल्या, पावसापर्यंत एवढंच आहे, तुम्ही कोळसा धुतलात तर आम्ही काय प्यायचं? मी झडप बंदच ठेवली. साहेबांनी मला कामावरून काढलं. माझ्या जागी आलेल्याने झडप उघडली. आठवड्यात तळं संपलं. गाळ जागचा हलला नाही. लाइन आता भंगारात जाणार. मी लगेच पाणी सोडलं असतं तर ती वाचली असती का, कोण जाणे. रागावलात तरी दोन ओळी धाडा.

मोहन

बनशंकरी, ९ मे

चि. मोहन यास अ. उ. आ.

पत्र वाचून मी अक्काला म्हणालो, पोराने उशीर केला, लाइन घालवली. आज पाण्याचा टँकर आला नाही म्हणून ती घागर घेऊन पलीकडच्या गल्लीत गेली. बराच वेळ आली नाही. तेवढ्यात तुझं पत्र पुन्हा वाचलं.

लाइनचं मला आता काही विचारायचं नाही. घरी ये. निघण्याआधी गावात जा आणि गंगव्वांना विचार, त्या आता पाणी कुठून आणतात. काय सांगतील ते मला कळतं. तरी विचारून ये.

तुझी वाट पाहणारा,
अण्णा