टेबलाची फुटकी कड

३ मार्च
परत आपटली. या वेळी स्टुलाला. स्टूल मीच दाराआड सरकवलं होतं — बायकोच्या वाटेत येऊ नये म्हणून! तिच्या नडगीला चांगलं टेंगूळ आलंय.
हिच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "मधलं दिसणं गेलं, कडेकडेचं राहील." ठीक. त्यांचं काम संपलं, आता घर माझ्याकडे. फर्निचरचं काम मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, जुन्या खुर्च्या खोलून खोलून शिकलो. हेही जमेल.
लेकीचा फोन. "बाबा, आई अजून एकदा पडली ना, तर मी तिला इकडेच घेऊन येणार. कायमची." ही शेजारीच बसलेली. सगळं ऐकलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

६ मार्च
फ्रिज फार घरघरायचा. खाली रबरी चकत्या घातल्या — आता कान लावला तरी कळत नाही चालू आहे की बंद! जेवणाच्या टेबलाची कड कित्येक वर्षं फुटकी होती. खाचेत लांबी भरली, घासली, पॉलिश केलं. आरसा! कपाट भिंतीपासून अर्धा इंच तिरकं होतं, तेही सरळ केलं. बैठकीतल्या फायकसची कुंडी तर मी रोज पाव फेरा फिरवतोच. झाड एका अंगाला कलता कामा नये.
हिला म्हटलं, बघ हात फिरवून. फिरवला. "छान झालंय हो." आवाज उतरलेला.

७ मार्च
फायकसची पानं गळतायत. हिरवीच.

९ मार्च
ही हल्ली पलंगावरून उठतच नाही. चहासुद्धा मीच करतो. "मजा आहे बुवा एका माणसाची," म्हटलं. थट्टेनं. हसली नाही.

११ मार्च
रोपवाटिकेवाल्या बाईंना फायकसची फांदी दाखवली. खत कमी पडतंय का?
"कुंडी हलवता का?"
हलवत नाही, फिरवतो. रोज, मापात.
बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो दादा, झाड आहे ते, टेबल नाही! बिचारं पानं उजेडाकडे वळवतं आणि तुम्ही तिकडे त्याची पाठ करून ठेवता. किती वेळा नव्यानं सुरुवात करायची त्यानं?"
म्हटलं, सरळ वाढावं म्हणून.
"वाढू द्या की वाकडं!"
बाईंचा भयंकर राग आला. घरापर्यंत टिकला नाही.
हिच्यापुढे जाऊन बसलो. माझं काय चुकतंय, सांग. पदराचं टोक बोटावरून सोडलं तिनं. मग — "फ्रिजच्या आवाजावरून मला स्वयंपाकघर कळायचं. फुटक्या कडेवरून माझी खुर्ची. एकेक पाठ करत होते हो. तुम्ही रोज पुसून टाकता. आणि इतक्या मायेनं करता, की बोलायची चोरी!"
माझ्यानं वर बघवेना.

१२ मार्च
चकत्या काढल्या. फ्रिज घरघरला. पलंगावरूनच ओरडली, "आला!" — प्रवासाहून कुणी परत यावं तशी.
मग टेबल. पटाशी लावून त्या गुळगुळीत कडेची कपची उडवली. आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम वाईट काम केलं. तेही पट्टीनं मोजून! तिनं बोट फिरवलं. "बोटभर अलीकडे होती."
परत उडवली.

२० मार्च
लेक येऊन गेली. बॅग मोठी आणली होती, आईचे कपडे मावतील अशी. हिनं चहा केला. थोडा बशीत सांडला. लेक उठायला लागली, मी तिचा दंड धरून ठेवला.
"बाबा, फ्रिज केवढा घरघरतोय! दुरुस्त का नाही करत?"
"हात लावायचा नाही त्याला."
बॅग रिकामीच परत गेली.

२९ मार्च
फायकसला कोंब! सगळे खिडकीकडे. झाड भलतंच वाकडं दिसतंय. हात शिवशिवतात. खिशात ठेवलेत.

२ एप्रिल
सकाळी धाडकन आपटलो. तिची खुर्ची नेहमीच्या जागी नाही — थेट खिडकीशी, उन्हात! तिनंच ओढून नेली, मला न विचारता. नडगी चोळत बसलो तर ही पोट धरून हसतेय. "बघून चाला की हो!"
खुर्ची तिथेच राहील.