ग्युहोच्या खोलीची चूल

४ जानेवारी

आमची कुत्री मेरी व्याली. पाच पिल्लं! पोट दिसत होतं, पण मला वाटलं म्हातारपणाचं असेल. माझंही दिसतं.

मुहूर्त काढला तोही उणे सोळा अंशांचा. तिच्या खोपटात खाली भाताचं तूस पसरलं, वर पेंढा कोंबला. गोधडी घातली नाही – गोधडी ओली होते आणि मग गोठून तिचा पत्रा होतो. दाराला पोतं टांगलं. खोपट ढकलून वाऱ्याकडे पाठ करून ठेवलं. कंबर गेली.

कुत्रं घरात घ्यायचं नाही, हा यांचा नियम. हे मार्चमध्ये गेले. नियम आहे.

५ जानेवारी

पंचांगात आज ‘लहान थंडी’चा दिवस, ‘मोठी थंडी’ पंधरा दिवसांनी. मोठी थंडी म्हणे लहान थंडीकडे पाहुणी गेली आणि तिथेच गारठून मेली. खोटं नाही ते.

सकाळी खोपट रिकामं. गेल्या वर्षीही हेच झालं होतं. पिल्लं बघायला सगळं गाव लोटलं, गावप्रमुख मॅंगने एकेकाला मानगुटीला धरून उचलून पाहिलं. मेरी बिथरली, एकेक तोंडात धरून लाकडांच्या ढिगामागे घेऊन गेली. सकाळपर्यंत सगळी काडीसारखी कडक. मेरी दोन दिवस त्यांना चाटत बसली होती. यंदा एकही मरू द्यायचं नाही. ही तिची शेवटची वीण, आणि मला पुन्हा ते बघायचं नाही.

सापडली. माझ्या मुलाच्या, ग्युहोच्या खोलीपुढच्या लाकडी ओट्याखाली, जोत्याच्या दगडांना चिकटून. चार ठीक, पाचवं गार. गार पिल्लाला दूध पाजायचं नसतं – आधी ऊब, मग दूध. जॅकेटच्या आत छातीशी धरून बसले. दुपारी चूं केलं. मग मीही जेवले.

तिथून हलवायला गेले तर माझ्यावरच गुरगुरली. ठीक आहे बाई, तुझं खरं. मग त्या खोलीची चूल पेटवली. धूर जमिनीखालून फिरला की खोली तापते, जोत्याचे दगडही तापतात. पण तीन वर्षांत ती चूल पेटलेली नव्हती. आत उंदराचा संसार होता. आधी सगळा धूर माझ्या तोंडावर, मग कुठे धुराड्याने ओढ घेतली. संध्याकाळी मेरी दगडांना पाठ लावून पसरली होती, राणीसारखी.

खोलीत मी गेले नाही. ग्युहोची पुस्तकं तशीच आहेत. घटस्फोट झालेल्या बाईशी लग्न करतो म्हणाला म्हणून यांनी त्याला फाटक दाखवलं. यांच्या मयताला आला, मागे उभा राहिला, न जेवता गेला. मी फोन केला तर उचलत नाही. माझा एकुलता एक आहे तो.

६ जानेवारी

फाटकाला दोर बांधला. घरात बाळ जन्मलं की बांधतात तो; गाय व्याली तरी हे बांधायचे. पेंढ्याचा, उलटा पिळलेला, मधे कोळसा आणि पाइनच्या डहाळ्या. हा दोर दिसला की तीन आठवडे कोणी आत पाऊल टाकत नाही. मॅंगसुद्धा नाही.

उलटा पीळ हाताला येत नाही. हात आपोआप सुलटाच जातो. दोनदा उकलला.

७ जानेवारी

सगळी आहेत. चूल चालू.

८ जानेवारी

बाजारात गेले. मेरीला दूध यायला हवं म्हणून वाळवलेला मासा घेतला आणि समुद्री शेवाळाचा मोठा जुडगा. शेवाळाचं बाळंतिणीचं सूप कुत्रीलाही लागू पडतं, फक्त मीठ घालायचं नाही. दुकानवाली जुडग्याकडे बघत राहिली. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बसमध्ये दोन बायांनी उठून मला जागा दिली. याआधी कधी दिली नव्हती.

९ जानेवारी

सकाळी गावाच्या भोंग्यावर मॅंग खाकरला. तो खाकरला की समजायचं, काहीतरी आहे.

"गावकरी मंडळी, वरच्या घरच्या आजींच्या फाटकाला दोर लागलाय. कोणी आत जाऊ नये. सर्दीवाल्यांनी तर रस्त्यानेही जाऊ नये. मुलाच्या खोलीचं धुराडं तीन वर्षांनी पेटलंय, यातच सगळं आलं. अभिनंदन. आणि पाण्याचे नळ बारीक चालू ठेवा, गोठतील."

मी अंगणात सुपाचं पातेलं घेऊन उभी. दोर, शेवाळ, धुराडं – गावाने बेरीज केली आणि ग्युहो सून-नातवंडासकट घरी आला! मेरी गाभण होती हे कोणाला माहीत नाही. मलाच नव्हतं.

खाली जाऊन सांगणार होते. चपला घातल्या. मग वाटलं, सांगितलं की सगळे हसतील, आणि हसून झालं की पिल्लं बघायला येतील. चपला काढल्या. मी खोटं बोललेले नाही. दोर बोलला.

११ जानेवारी

जेचॉनवाली दोराच्या पलीकडे येऊन उभी राहिली. आमच्यात बाईला माहेरच्या गावाने हाक मारतात. हिचं खरं नाव मलाही आठवत नाही.

"ताई, रात्री रडतं का गं?"

"कुरकुरतं."

"नाक कोणाचं घेतलंय?"

"अजून डोळे उघडले नाहीत."

"असतं तसं पहिले काही दिवस. आणि दूध?"

"भरपूर आहे. बघायलाच नको."

"ग्युहो कुठाय? बाहेर दिसत नाही तो."

यावर मला खोकला आला. ती म्हणाली, "राहू दे, लाजत असेल. तुझा नवरा स्वभावाने वाईट नव्हता गं, हट्टी होता. पोर आलं ना परत, आता झालं गेलं विसर." आणि डोळे पुसत गेली. मला फार वाईट वाटलं. तिचं नाही, माझं. इतकं सगळं छान झालं होतं, आणि त्यातलं काहीच झालं नव्हतं.

भिंतीवर गाठोडं ठेवून गेली होती. बाळाची दुलई, स्वतः शिवलेली, पिवळी.

१३ जानेवारी

उणे चोवीस. लाकडं संपत आली. मीच एकटी, दोन चुली. माझ्या खोलीची विझवली आणि यांचा जुना कोट घालून झोपले. लहानगं, तेच पाचवं, पुन्हा गार पडत होतं, ते दुलईत गुंडाळलं. जेचॉनवालीने मला माफ करावं. बाटलीत गरम पाणी भरून, मोजा चढवून मेरीच्या पोटाशी ठेवलं. तिने बाटलीही चाटली.

१४ जानेवारी

फाटकाबाहेर मॅंगचा ट्रॅक्टर. फोडलेली लाकडं ओतून गेला, ओकची, कोरडी. पलीकडूनच ओरडला, "आजी, बाळाची खोली थंड पडली तर मला तोंड दाखवू नका!"

हा माणूस मला आयुष्यभर आवडला नाही. आता काय करू?

१५ जानेवारी

ठरवलं. दोर उतरवीन त्या दिवशी समाजमंदिरात जाऊन सगळ्यांसमोर सांगेन. लाकडांच्या बदल्यात मॅंगला पिल्लू देईन, मोठं झाल्यावर. जेचॉनवालीला काय देणार? तोवर पिल्लं जगू देत. हसले तर हसले. सगळ्यात कठीण म्हणजे "ग्युहो आलेला नाही" हे वाक्य तोंडाने म्हणायचं. सरपण घालताना म्हणून बघितलं. येतं म्हणता.

१६ जानेवारी

डोळे उघडले! चौघांचे. लहानग्याचा एकच. त्याने एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं आणि जांभई दिली.

१८ जानेवारी

ग्युहोचा फोन आला. आपणहून.

दोरामुळे आत येता येईना म्हणून मॅंगने त्याला अभिनंदनाचा फोन केला होता – दोर, लाकडं, सगळं सांगितलं. मी म्हटलं, अरे ऐक, ते असं झालं की – पण तो ऐकतच नव्हता, रडत होता. "आई, आमच्या बाळासाठी तू दोर बांधलास! आम्ही कोणालाच सांगितलं नव्हतं. तुला कसं कळलं?"

त्यांना मुलगी झाली आहे. एक तारखेला.

बाळ उबेत आहे ना, एवढंच विचारलं.